बाबांनी रंगवलेले बूट

वरसे गावातल्या आमच्या बिल्डिंगला रंग लागतोय. उद्यापासून शाळा, धाकट्याचा एक पांढरा बूट सापडत नाही, नवरा कंपनीत शिफ्टला आणि घरभर हा रंगाचा वास. डोकं फिरायला एवढं पुरे होतं. पण त्या वासाने मला थेट पेणला, बाबांच्या गणपतींच्या कारखान्यात नेऊन उभं केलं.

शाळा सुरू व्हायची तेव्हाच आमच्याकडे कामाची घाई. फळ्यांवर, माळ्यावर, माझ्या कॉटवरसुद्धा गणपती. दप्तर ठेवायला जागा नाही, बाजारात यायला कुणाला सवड नाही. नव्या बुटांसाठी मी भुणभुण लावली, तेव्हा बाबांनी जुनेच कॅनव्हासचे बूट घेतले, मूर्तींना देतात तो पांढरा रंग त्यांना दिला आणि पंख्यासमोरच्या फळीवर वाळत ठेवले. सकाळी काय चमकत होते!

शाळेच्या फाटकापर्यंत रंगाला तडे गेले. प्रार्थनेला माझ्या पायांभोवती पांढरे पोपडे पडले, मुली फिदीफिदी हसल्या. घरी येऊन मी ते बूट बाबांसमोर आपटले.

त्यांनी ब्रश खाली ठेवला, बोटाने तडा चाचपला. म्हणाले, "मूर्तीला चालायचं नसतं गो. ध्यानातच आलं नाय माझ्या."

यांना गणपतींपुढे मी दिसतच नाही, असं वाटून मी तेव्हा जेवलेसुद्धा नव्हते. आता धाकट्यावर ओरडता ओरडता वेगळंच आठवतंय. पंख्यासमोर माझ्या बुटांना जागा व्हावी म्हणून त्यांनी तिथला गणपती उचलून स्वतःच्या अंथरुणावर ठेवला होता.