नवा कोरोना आमच्या वस्तीत जन्मला नव्हता

दुसऱ्या लाटेत आमच्या वस्तीत घरोघरी ताप शिरला. टाळेबंदी उठून आठवडी बाजार पुन्हा भरला, तेव्हा तिथे एकच बोलणं होतं: हा नवा कोरोना ढिवरांच्या, म्हणजे आमच्या मासेमारांच्या, मोहल्ल्यातून निघाला. माझी माय त्या बाजारात तलावातले मासे विकायची. ती बरी होऊन महिना झाला होता, तरी तिला बसू दिलं नाही.

मी तेव्हा चंद्रपूरला एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. विषाणूचा प्रकार कळावा म्हणून आम्ही थोडेच नमुने बाहेर पाठवायचो. मी साहेबांना म्हटलं, "आमच्या वस्तीतले साठवलेले नमुनेही पाठवा."

"शहरातले गेलेत ना. पुरे तेवढे."

"नाव आमचं घेतात, तर तपासही आमचा होऊ द्या."

तीन दिवस मी हेच बोलत राहिले. चौथ्या दिवशी ते वैतागून म्हणाले, "भर खोका."

अहवाल कित्येक आठवड्यांनी आला. आमच्याकडे डेल्टा होता. आणि आमच्या कितीतरी आधी घेतलेल्या शहरातल्या नमुन्यांतही डेल्टाच होता. पहिल्या लाटेतला प्रकार जवळपास दिसेनासा झाला होता.

"मंग जुना कुठी गेला?" मायने विचारलं.

"हा लय लवकर पसरते. जुन्याले जागाच उरत नाई."

"चिलापी मासोळीवानी. बाहेरून तलावात शिरली अन् आपली मासोळी घटली." मग ती उसळलीच. "पन ते चिलापी तरी आपन कुठी आनली होती?"

पुढच्या बाजाराला तिने आपल्या जागी टोपली मांडली. शेजारचा कांदेवाला ओरडला, "बाई, इथी नोको बसू!"

"हा आजार शहरात आंधी होता. तिकडच्या गाड्या कोनी अडवल्या का, भाऊ? मंग मलेच काऊन उठवता?"

मी अहवालाचा कागद पुढे केला. कोणी वाचला नाही. माय उठली नाही. त्या दिवशी एकही मासा खपला नाही. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा तिथेच बसली, त्याच्या पुढच्याही. हळूहळू गिऱ्हाईक परतलं.

हिवाळ्यात ओमिक्रॉन आला आणि त्याने डेल्टाला हटवलं. आमच्या बाजारात पहिला आजारी पडला तो कांदेवाला. बरा होऊन आला, तर त्याच्या दुकानाला वळसा घालून लोक जाऊ लागले. माय सरळ त्याच्यासमोर उभी राहिली.

"किलोभर कांदे दे," ती म्हणाली, आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं पुढे बोलली, "हा कोरोना बी याच्या घरी जनमला नाई!"

तो खाली मान घालून कांदे निवडत राहिला. चांगले चांगले निवडले त्याने.