परसोंचं परवा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सभांतून, पत्रकांतून मी पुष्कळ काही ओरडून सांगितलं – हे सोडून.

माझे वडील नांदेडहून हैदराबादला नोकरीसाठी आले, पण मला ते आठवतात नामपल्ली स्टेशनाबाहेर निळ्या कागदावरची पत्रकं वाटताना. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. शुद्ध भाषा म्हणजे कुणाची भाषा, हा सवाल शाळेत असल्यापासून माझ्या तोंडी आहे. पुढे मी स्वतः पत्रक लिहिलं. ‘आमच्या तोंडातला शब्द खोडणारा हात आम्ही ओळखतो’ – हे वाक्य माझं. टाळ्याही माझ्या.

आणि तो हात? थांबा, आधी वर्गाचं सांगते.

काचीगुड्याच्या एका शाळेत मी चौथीला मराठी शिकवते. गेल्या वर्षी शाळेनं गोष्टी लिहायचं एक संकेतस्थळ घेतलं. मुलांनी चित्र निवडायचं, खाली टाइप करायचं, की पानं उलटणारं पुस्तक तयार. त्याची लिंक पालकांना जाते. मुलं खुळावली! वहीत चार ओळी लिहिताना रडणारी पोरं पानंच्या पानं लिहू लागली. पण आम्ही बोलतो ते निम्मे शब्द त्या संकेतस्थळाला चालत नाहीत. ‘नक्को’ लिहिलं, लाल रेघ. खुळ्याला ‘हौला’ लिहिलं, लाल रेघ. शेजारी, अगदी नम्रपणे, ‘योग्य शब्द’. योग्य कुणी ठरवलं? कुठे बसून?

अंबरपेठेची संघमित्रा वर्गात फारशी बोलायची नाही. तिनं एका स्कूटरचं चित्र निवडलं आणि लिहिलं – ‘परसों माझे बाबा गेले. त्यांची गाडी दारातच आहे. आई तिच्यावर कपडे वाळवते.’

इतकं खरं त्या वर्षात कुणी लिहिलं नाही. मीही नाही.

‘परसों’खाली लाल रेघ आली. शेजारी ‘परवा’.

हैदराबादेत परसों म्हणजे परवा नव्हे. कालच्या मागचं सगळं परसों – गेला महिना, गेली दिवाळी, लग्नाआधीचं आयुष्यसुद्धा. तिचे बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. मला ठाऊक होतं. तरी मी ‘परवा’वर बोट टेकवलं – का? दुसऱ्या दिवशी लिंक जाणार होती, पुण्या-मुंबईहून आलेल्या, मोठमोठ्या कंपन्यांतल्या आयांकडे. माझ्या वर्गाचं मराठी त्यांना ‘तसलं’ वाटायला नको होतं. बस, इतकंच.

लिंक गेली त्याच दुपारी शाळेच्या फाटकापाशी चार-पाच जणींनी संघमित्राच्या आईला घेरलं. ‘‘अहो, परवाच गेले ना? आणि पोरीला शाळेत पाठवलंत?’’ ती दवाखान्यातली ड्यूटी संपवून तशीच आली होती. सगळ्या मिळून माझ्या वर्गात आल्या.

‘‘मिस, तीन वरसं झाली त्यांना जाऊन. लोकं मला भलतंच विचारायलेत.’’

संघमित्रा म्हणाली, ‘‘मी परसोंच लिहिले होते, मिस.’’

आणि मी – त्या सगळ्या बायकांसमोर – म्हणाले, ‘‘बाळा, चूक झाली की कबूल करावी.’’

आईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. ती रडली नाही. माझ्याकडे बघत, एकेकीला सॉरी म्हणाली.

कुठला शब्द कुणी बदलला याची नोंद ते संकेतस्थळ ठेवतं. एक बटण दाबलं असतं तर तिथे माझं नाव दिसलं असतं. मी ती गोष्टच पुसून टाकली. हेडबाईंना म्हणाले, उगाच वाद नको. त्यांनी माझ्या समंजसपणाचं कौतुक केलं!

एवढ्यावर थांबले का? नाही. महिन्याभरात मी नवं पत्रक काढलं – यंत्र आमच्या लेकरांची भाषा गिळतं आहे. लोकांनी ते हातोहात नेलं. यंत्रानं नुसतं सुचवलं होतं. शब्द खोडला मी. खोटी ठरवली मी, एका नऊ वर्षांच्या पोरीला, तिच्या बापाच्या मरणावरून.

सहामाहीनंतर संघमित्रानं दुसरी गोष्ट लिहिली. ‘एके दिवशी एक ससा बागेत गेला.’ एकही लाल रेघ नाही. बाबा नाहीत, गाडी नाही, वाळणारे कपडे नाहीत. शेवटच्या पानावर माझ्यासाठी एक ओळ होती – ‘मिस, हे चालते का?’

मी खाली लिहिलं, ‘छान.’