चेहऱ्याचं कुलूप

नायजेरियातल्या इग्बो-ओरा गावात तायवो म्हटलं की पाठोपाठ केहिंदे आलीच. जुळ्यांत आधी जन्मते ती तायवो, मागून येते ती केहिंदे. पण थोरली मानायची मागचीच, कारण जग कसं आहे ते बघायला धाकटीला तिनंच पुढं धाडलेलं असतं. या दोघी आता पन्नाशीच्या, तरी एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं!

तायवो चवळीचे वडे तळून विकायची. केहिंदेचं चवळी-मिरची वाटायचं मशीन होतं, पेट्रोलवर चालणारं, आणि त्याच्यावरच तिचं पोट. बहिणीची चवळी मात्र ती फुकट वाटून द्यायची.

तिथलं चलन नायरा, तो रोज घसरत होता, म्हणून तायवोनं वड्यांचा नफा फोनवरच्या डिजिटल डॉलरमध्ये ठेवायचं ठरवलं. केहिंदेअक्काला कळलं तर ती मागेल, ही धास्ती. म्हणून बाई गावात कुणाला विचारायचं सोडून थेट इबादान शहरात गेली आणि मोबाईलच्या दुकानात खोटंच नाव सांगितलं, राफातू.

दुकानदार भला होता. म्हणाला, "मावशी, हे ॲप पक्कं. बारा शब्द जपून ठेवायचे, दर वेळी नंबर टाकायचा. शब्द हरवले की पैसेही गेले. हे दुसरं सोपं, चेहरा दाखवला की उघडतं. फसतं ते फक्त जुळ्यांच्या बाबतीत. जुळी बहीण नाही ना तुम्हाला?"

"छे! एकटीच मी."

बोलताना जीभ झडली नाही तिची! सोपंच ॲप घेतलं. परतीच्या बसमध्ये मात्र तिची तिलाच लाज वाटली.

दोन महिन्यांनी केहिंदेचं इंजिन बसलं. मेकॅनिकनं ऐंशी हजार नायरा सांगितले. जन्मात पहिल्यांदा तिनं धाकटीपुढं हात पसरला.

"अक्का, फुटकी कवडी नाही गं माझ्याकडे. आईशप्पथ!" आई कधीच वारलेली, तिला काय जातंय!

"बरं," केहिंदे म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून बहिणीची चवळी दगडी पाट्यावर वाटायला लागली. तिच्या तळहातावरचे फोड तायवो रोज बघायची. उद्या सांगू, असं रोज ठरवायची.

एका सकाळी तायवोचे हात पिठात होते आणि फोन वाजला.

"अक्का, बघ गं, तेलवाल्याचा निरोप असेल."

केहिंदेनं निरोपावर बोट ठेवलं आणि वाचायला फोन तोंडासमोर धरला. निरोप तेलवाल्याचा नव्हता, ॲपचा होता, आणि ॲप बिनतक्रार उघडलं. पडद्यावरची डॉलरची शिल्लक तिनं वाचली. मग तिनं बहिणीकडे पाहिलं. कढईत वडे करपले. चोरी पकडली गेली असती तरी परवडलं असतं. हिनं तर सख्ख्या बहिणीला नाही म्हटलं होतं, दोनदा: एकदा दुकानात, एकदा तिच्या तोंडावर.

"अक्का, मी देते ना पैसे. आत्ता देते. मशीन आजच दुरुस्त करू."

"काल नेलं भंगारवाल्यानं."

"मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"तुझ्याकडे नव्हते ना गं. उगाच तुझ्या जिवाला घोर." केहिंदेनं फोन पुसून फळीवर ठेवला. "याला नंबरचं कुलूप लाव. माझ्या तोंडानंसुद्धा उघडतंय हे." मग ती पाट्याशी जाऊन बसली. "उद्याची चवळी भिजलीय का? आण इकडं."