लीलाच्या नाटकाला चिकटवलेला शेवट

लीला गेल्याचा फोन धुळ्याहून तिच्या मुलीने, सुधाने केला. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाली. मी विचारलं, "जेवली होती का?" म्हणाली, "हो, सकाळी वरण-भात खाल्ला आणि जरा पडते म्हणाली..." चला, उपाशी तर गेली नाही. पंच्याऐंशीव्या वर्षी आणखी काय मागायचं? मी काही रडले नाही. चार दिवसांनी सुधाने पेपरात तिच्यावर छापून आलेला मजकूर फोनवर वाचून दाखवला, तेव्हा मात्र मला राहवलं नाही. लीलाने शाळेत असताना लिहिलेल्या एका नाटकाचा त्यात उल्लेख होता. 'मुलींवर उत्तम संस्कार करणारं नाटक, ज्यात हट्टी नायिकेला शेवटी आपली चूक उमगते.' आणि पुढे, जळगावची आमची ती मुलींची शाळा तिच्या आठवणीसाठी पुढच्या महिन्यात तेच नाटक बसवणार आहे. सुधाला वाटलं मला बरं वाटेल. मी फोन ठेवून दिला. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, लिहायची सवय फक्त किराण्याची यादी करण्यापुरती. पण हे लिहायलाच हवं, कारण त्या नाटकाचा शेवट लीलाचा नाही. तो कसा आला हे माहीत असलेली मी एकटीच उरले आहे.

जळगावला आम्ही एकाच गल्लीत राहायचो. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मला चौथीनंतर घरी बसवलं, लीला पुढे शिकली. तिच्या घरात तिचे काका राहायचे. त्यांना सगळी गल्ली नाना म्हणायची. नानांची मुलगी मंजुळा. आम्ही तिघी एका वयाच्या, पण मंजुळेचं लग्न चौदाव्या वर्षी झालं आणि ती चोपड्याकडे सासरी गेली. सोळाव्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली. खानदेशात सासुरवाशिणीला वर्षाचा हाच खरा सण. कडुनिंबाला झोके बांधायचे, गौराईची गाणी म्हणायची आणि नाल्यापलीकडच्या आळीतल्या पोरींना मनसोक्त शिव्या द्यायच्या. आमच्यात सर्वांत सणसणीत शिव्या मंजुळेच्या असत. सण संपला, बाकीच्या पोरी सासरी निघाल्या. मंजुळा झोक्यावरून उतरेना.

"माले नही जानं," म्हणाली.

नाना म्हणाले, "का वं? काय व्हयनं?"

"पानी खारं शे तठलं."

नाना हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तर म्हणे, "तठे झोका बांधाले झाड नही." तिसऱ्या दिवशी नवऱ्याबद्दल म्हणाली, "त्या जेवतांना मचमच करतस." तिच्या आईने आडून आडून विचारलं, मारतात का, उपाशी ठेवतात का. नाही म्हणाली. सासू वाईट आहे का? नाही, तीही वाईट नाही. मग काय? मग पुन्हा खारं पाणी. नाना तापट नव्हते. पावसाळा गेला, दिवाळी गेली, मंजुळा घरीच होती. सासरहून दोनदा निरोप आला. नाना लोकांत मान खाली घालून फिरायचे, पण पोरीला ढकलायला त्यांचा हात होत नव्हता. "संक्रांत झाली का बघू," एवढंच म्हणायचे. हा माणूस अजून कुठल्याही बाजूला कलू शकला असता, हे ध्यानात ठेवा.

लीला तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात. शाळेच्या संमेलनासाठी तिने नाटक लिहिलं. मला ओट्यावर बसवून वाचून दाखवलं. चार पोरी आखाजीच्या झोक्याजवळ बसल्या आहेत. खातात, भांडतात, शिव्या देतात. त्यांतली एक सासरी जात नाही, आणि प्रत्येक वेळी वेगळंच कारण सांगते. बस, एवढंच. शेवटी गाडी दाराशी येते, आतून हाका येतात आणि ती पोर झोक्यावर उभी राहून आणखी जोरात झोका चढवते. पडदा. मी म्हटलं, "लीले, हे कसलं नाटक? यात होतंय काय?" ती म्हणाली, "हे नानांसाठी आहे. मी समजावलं तर ते म्हणतात, तू लहान आहेस. नाटक मात्र ते शेवटपर्यंत बसून बघतात." गावात कुठलंही नाटक आलं की नाना पहिल्या रांगेत, हे खरंच होतं. लीलाला वाटलं, तिथे बसून त्यांना आपली पोर दिसेल. कारण सापडलं नाही तरी पोर दिसेल...

संमेलनाचं नाटक बसवायला शाळेने बाहेरून एक मास्तर बोलावले होते. नाव लिहीत नाही, त्यांची नातवंडं असतील. नाटकाचे सगळे नियम त्यांना पाठ होते. मी शाळेत नव्हते, पण तालमीत झोका बांधायला आणि सामान उचलायला मला घेतलं होतं, म्हणून हे सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. वही वाचून मास्तर म्हणाले, "बाळ, भाषा छान आहे. पण नाटकाला आरंभ लागतो, गुंता लागतो, मग उकल लागते. तुझ्या नायिकेला कारणच नाही."

"पाच कारणं आहेत, मास्तर," लीला म्हणाली.

"पाच म्हणजे एकही नाही. एकच दे, ठळक दे. सासू छळते असं दाखव. मग सासूला पश्चात्ताप होऊ दे, किंवा मग हिला होऊ दे. कुणाला तरी झालाच पाहिजे."

"पण सासू छळत नाही. आणि हिला स्वतःलाच ठाऊक नाही काय होतंय ते."

"मग प्रेक्षकाला कसं कळणार?"

"नाही कळलं तरी चालेल. हिला आता पाठवू नये, एवढं कळलं तरी पुरे."

मास्तर हसले. लहान मुलाने भलतंच काही बोलावं तेव्हा मोठी माणसं हसतात तसे. ते हसू आठवलं की अजून अंगावर पाल पडल्यासारखं होतं. दोन दिवसांनी त्यांनी स्वतः शेवट लिहून आणला. एक म्हातारी येते, चांगलं लांबलचक बोलते, संसार म्हणजे काय ते सांगते. पोर झोक्यावरून उतरते, म्हातारीचे पाय धरते, "मी चुकले" म्हणते आणि हसत हसत गाडीत बसते. हा शेवट असेल तर नाटक होईल, नाहीतर त्या जागी गरबा बसवू, असं त्यांनी सांगितलं.

लीला संध्याकाळी माझ्याकडे आली. "काशे, काय करू?" मी काय सांगितलं ते लपवून ठेवणार नाही. म्हटलं, "हो म्हण. नाटक झालंच नाही तर नाना बघणार काय? आधीचं सगळं तर तुझंच राहतंय. आणि खरं सांगू, शेवट गोड आहे. लोकांना आवडेल." ती बराच वेळ वहीची कड नखाने खरवडत बसली. मग म्हणाली, "बरं."

नाटक दुपारी होतं, शाळेच्या अंगणात. रंगमंच मुद्दाम कडुनिंबाखाली घातला होता, म्हणजे झोका खऱ्या फांदीला टांगता येईल. मी मागच्या पडद्याआड बसून एका दोरीने झोका हलवायचे. पडद्याच्या फटीतून पहिली रांग दिसत होती. नाना बसलेले, दोन खुर्च्या सोडून बायकांत मंजुळा. खारं पाणी आलं, लोक हसले. मचमच आलं, तेव्हा बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. मंजुळेने तोंडाला पदर लावला होता, पण खांदे हलत होते. आणि नाना! नानांनी हसता हसता मान वळवून लेकीकडे पाहिलं. ते बघणं मी पाहिलं आहे. त्यात राग नव्हता, लाज नव्हती. नाटक तिथे थांबलं असतं तर...

नाटक थांबलं नाही. म्हातारी आली, बोलली. शेवटच्या वाक्याला झोका थांबवायचा, असं मास्तरांनी मला बजावलं होतं. मी दोरी घट्ट धरली, झोका थांबवला. नाटकातली पोर उतरली, पायांवर पडली, "मी चुकले" म्हणाली. सगळं अंगण मुसमुसत होतं. मीही पडद्याआड रडत होते. त्या रडण्याची मला आज शिसारी येते. नाना उपरण्याने डोळे पुसून टाळ्या वाजवत होते. मंजुळा कधी उठून गेली कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी गाडी सांगितली. ओरडले नाहीत, उलट फार मायेने बोलले. "नाटकमधली पोरले समजनं, तुले का नही समजत, बेटा?" आठ महिने जो माणूस ठरवू शकत नव्हता, त्याला एका दुपारीत उत्तर मिळालं होतं. त्यांना वाटलं, लीला मंजुळेच्या वयाची, मंजुळेच्या मनातलंच तिने लिहिलं असणार. मंजुळेने पेटी उचलली आणि गाडीत बसण्याआधी लीलासमोर उभी राहिली.

"हाई तूच लिखं ना?"

लीलाने मास्तरांचं नाव घ्यायला हवं होतं. मी शेजारीच होते, मीही घ्यायला हवं होतं. लीला म्हणाली, "हां."

पुढे तिने मला सांगितलं, की वहीवर नाव तिचंच होतं, मग दुसरं काय सांगणार. हे उत्तर मला पटलं नाही, आजही पटत नाही. भित्रेपणा होता तो. तिचाही आणि माझाही.

मंजुळेने विहीर जवळ केली, सासूने छळलं, असलं काही झालं नाही. तसं झालं असतं तर मास्तरांनी त्याचंही नाटक केलं असतं. ती नांदली. पाच मुलं झाली, केळीच्या बागेत राबली, म्हातारी झाली, गेली. फक्त आखाजीला कधी माहेरी आली नाही. नाना दरवर्षी तिच्या भावाला न्यायला पाठवायचे, अंगणात झोका बांधून ठेवायचे. भाऊ एकटा परत यायचा. नाना वारले तेव्हा आली, बारा दिवस सगळं रीतसर केलं, तेराव्याला गेली. एरंडोलच्या एका लग्नात लीलाच्या पानात तिनेच भाजी वाढली. "अजून?" एवढं विचारलं, पुढच्या पानाकडे वळली. लीला त्या दिवशी भाजी खाऊ शकली नाही.

लीला धुळ्याला मास्तरीण झाली. पोरांवर जीव टाकायची, पण त्यांच्या संमेलनासाठी एक ओळ लिहिली नाही. आणि इकडे ते नाटक आमच्या शाळेत वर्षानुवर्षं होत राहिलं, तिच्या नावाने, मास्तरांच्या शेवटासकट. तिने दोन पत्रं पाठवली, शेवट काढा म्हणून. उत्तर आलं, शेवटाशिवाय मुलींनी काय घ्यायचं?

हेच तर मला समजत नाही. सोळा वर्षांच्या पोरीची गोष्ट सांगताना तिने काही शिकलंच पाहिजे, असा नियम कुणी केला? राजा-राणीच्या गोष्टीला लावा तुमचे नियम, माझी हरकत नाही. पण सोळाव्या वर्षी माणूस सकाळी एक बोलतं, दुपारी दुसरं, आणि दोन्ही खरं असतं. माझी नात दार आपटून खोलीत जाते. का म्हणून विचारलं तर चहा गार होता म्हणते. टीव्हीवरच्या तिच्या वयाच्या पोरी बघा. दार आपटलं की लगेच कारण कळतं, जाहिरातीनंतर बाप समजावतो, झोपायच्या वेळेपर्यंत पोर सुधारलेली. लिहिणाऱ्यांना विचारलं तर म्हणतील, मालिकेला असंच लागतं. लागत असेल. पण तिकडे कुठल्यातरी घरात एक बाप डोळे पुसत बसलेला असतो आणि त्याची खरी पोर शेजारच्या खोलीत असते, याचा विचार ते कधी करतात? वीट आला मला त्या गोड शेवटांचा.

शाळेला माझं सांगणं एवढंच आहे. नाटक करणार असाल तर म्हातारीला आणू नका. गाडी येते, हाका येतात, पोर झोका चढवते, तिथेच पडदा पाडा. हे जमत नसेल तर लीलाचं नाव काढा आणि खुशाल काय हवं ते करा.

आम्हा दोघींचे नवरे गेल्यानंतर मी दरवर्षी पंधरा दिवस धुळ्याला लीलाकडे राहायचे. संध्याकाळी आम्ही दोघी कॉलेजच्या पोरापोरींची एक मालिका लावायचो. त्यांची भांडणं, रुसवे, उलट उत्तरं लीला अगदी पुढे सरकून बघायची. "बघ, बघ, काशे, कशी बोलली!" म्हणून माझी मांडी थोपटायची. मग मागचं संगीत हळू व्हायला लागलं, कुणी वडीलधारं खोलीत शिरलं, की ती गुडघ्यांवर हात टेकून उठायची. "चाल, आते बठ्ठा रडतीन," म्हणजे आता सगळे रडतील, असं म्हणत स्वयंपाकघरात जायची. आतून भांड्यांचा आवाज यायचा, गरजेपेक्षा मोठा. थोड्या वेळाने विचारायची, "संपलं का गं?" मी हो म्हटल्याशिवाय बाहेर यायची नाही. मी मात्र बसून शेवट बघायचे. मला आवडायचा, खोटं कशाला बोलू?

परवा घरी तीच मालिका लागली होती. पोर रडायला लागली, बाप दारात आला. मी उठले आणि आत जाऊन घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.