उभ्या गाडीची काजळी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्र्याचं एक दुकान आहे. एका बाजूला बाईचं शिलाई मशीन, दुसऱ्या बाजूला तिच्या नवऱ्याचं लाकडी टेबल. नवऱ्याला सगळे प्लगतात्या म्हणतात. खरं नाव विचाराल तर त्याच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागेल. मोटारसायकल, मोपेड, पाण्याचा पंप, गवत कापायचं यंत्र, छोटं इंजिन म्हणून जे जे असतं ते सुरू होईनासं झालं की तात्याकडे येतं. तात्या आधी इंजिनाला हात लावत नाही. पेट्रोल पेटवायची ठिणगी देणारा प्लग काढतो, उजेडाकडे धरतो आणि डॉक्टरने जीभ बघावी तसा त्याचं टोक बघतो.

"कोरडी काजळी. पेट्रोल जास्त जातंय." किंवा, "ओला आहे, तेल पितोय." आणि टोकाचा रंग भाजलेल्या बिस्किटासारखा असला की लेकीचा निकाल लागल्यासारखा खूश होऊन बायकोला हाक मारतो, "अगं, बघ बघ, काय सुरेख जळालाय!"

"मला काय बघायचंय? बाही उलटी लागेल माझी," ती मशीनवरून मान वर न करता म्हणते.

मग तात्या बारीक तारेच्या ब्रशने प्लग घासतो, चिनीमातीच्या कडेला अडकलेली काजळी सुईने काढतो, पेट्रोलमध्ये बुडवतो, फुंकतो, पातळ पट्टी सरकवून गॅप मोजतो. एकदा एका पंपाच्या प्लगवर त्याने आणि पंपवाल्याने अर्धा दिवस वाद घातला. शेवटी कळलं की टाकीत पेट्रोलच नव्हतं. ती गोष्ट मोठी आहे, ती राहू द्या. मला सांगायचंय ते आमच्या सूनबाईच्या मोपेडचं.

सूनबाई दवाखान्यात नर्स. तिचं काम घरभेटींचं. बाळंतिणी, दिवस गेलेल्या बायका, अंथरुणाला खिळलेली माणसं, सगळ्यांच्या घरी मोपेडवरून जायचं. त्या महिन्यात मोपेडने तीनदा दगा दिला आणि ती तीनदा उशिरा पोचली. मोठ्या सिस्टरने सांगितलं, या महिन्यात आणखी एकदा उशीर झाला तर घरभेटी दुसरीला देऊ, तू नोंदणीच्या टेबलावर बस.

"टेबलावर बसून मी काय करू, आबा?" सूनबाई मला म्हणाली. "पिवळ्या घरातल्या मुलीला नववा लागलाय. ती माझ्याशिवाय कुणाला पोटाला हात लावू देत नाही."

तेव्हा महिना संपायला नऊ दिवस होते.

महिन्याच्या सुरुवातीला, पहिल्यांदा बंद पडली तेव्हा, मीच मोपेड ढकलत तात्याकडे नेली होती. प्लग कोळशासारखा काळा. तात्याने साफ केला, गाडी एका किकमध्ये सुरू. चौथ्या दिवशी पुन्हा बंद, पुन्हा काळा. त्याने हवेची जाळी धुतली. पुन्हा काळा. कार्बोरेटर उघडला, तेलाचं प्रमाण कमी केलं, नवाकोरा प्लग घातला. तोही काळा! तात्याचा चेहरा प्लगसारखाच व्हायला लागला होता.

"चालवतं कोण?"

"सूनच. दुसरं कुणी नाही."

"तुमचा मुलगा?"

"तो परगावी. महिन्यातून एकदा येतो."

"लांब जाते का जवळ?"

"थोडं जाते, थांबते, परत थोडं जाते."

"थोडं थोडं चालली की काजळी धरते. तेच, तेच असणार," तात्या म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता, कारण रविवारचं कोडं त्याला सुटत नव्हतं. रविवारी सूनबाईला सुट्टी, गाडी दिवसभर अंगणात उभी. शनिवारी संध्याकाळी त्याने मुद्दाम प्लग घासून लख्ख करून दिला आणि सोमवारी सकाळी काढून पाहिला, तर शनिवारपेक्षा जास्त काळा!

"उभ्या गाडीला काजळी धरते कशी, आबा?"

"मला काय कळतंय त्यातलं?" मी म्हटलं, आणि अगदी मनापासून म्हटलं.

त्याची बायको म्हणाली, "तुम्ही साफ करताना उलटीच काजळी लावत असाल." तात्या रागावला नाही. त्याने खरंच एक प्लग दोनदा घासून पुसून पाहिला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, उजाडता उजाडता, तात्या प्लगपाना घेऊन आमच्या अंगणात हजर झाला. सूनबाई आत वेणी घालत होती. मी बाहेर स्टुलावर चहा घेत बसलो होतो. शेजारी मोपेड फटफट करत उभी होती.

तात्या फाटकातच थबकला. "हे काय चाललंय?"

"तापवतोय. थंड गाडी ओढायला लावू नये, बिचारीला."

"चोक?"

"ओढलेला. नाहीतर बंद पडते ना मेली."

"किती वेळ?"

"फार नाही. वीसेक मिनिटं. सूनबाईचं आवरेपर्यंत."

"रोज?"

"रोज. रविवारीसुद्धा. गाडीची सवय मोडू नये."

मी आयुष्यभर डिझेलचा मोठा पंप चालवला. तो थंड असताना कामाला लावला तर आमचा मुकादम कान उपटायचा. तेच डोक्यात. तात्याने विचारलं होतं चालवतं कोण, त्याचं उत्तर मी खरं दिलं होतं. मी कुठे चालवत होतो? मी तर नुसता शेजारी बसत होतो!

"आबा, चोक ओढला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं. रोज वीस मिनिटं म्हणजे काजळीचा कारखाना घातलात तुम्ही!"

सूनबाई पिशवी घेऊन बाहेर आली. तिने एकदा माझ्याकडे, एकदा तात्याकडे पाहिलं. "पण आबा तर गाडी तयार ठेवतात, माझी सोय म्हणून. मला वाटलं, ते चांगलंच असतं."

तेवढ्यात मोपेड दोनदा खोकली आणि बंद पडली. सूनबाईने घड्याळ पाहिलं. तात्या पायरीवर बसला, चटके खात गरम प्लग काढला, घासला, फुंकला, बसवला. चोक स्वतः आत ढकलला.

"किक मार आणि थेट निघ, पोरी. मागे बघू नकोस."

ती गेली. दवाखान्यात चार मिनिटं आधी पोचली. घरभेटी तिच्याकडेच राहिल्या आणि पुढच्या आठवड्यात पिवळ्या घरात मुलगी झाली. महिनाभराने प्लग काढला तेव्हा भाजलेल्या बिस्किटाचा रंग होता. मी मोपेडला हात लावत नाही. मात्र पहाटे जाग येते आणि मोठ्या पंपाला जे चांगलं ते छोट्या गाडीला वाईट कसं, हे मला अजून नीटसं उमगलेलं नाही. तात्या समजावतो, मी मान डोलावतो.

आता कुणाचा प्लग दुसऱ्यांदा काळा झाला की तात्या विचारतो, "घरात पहाटे उठणारं म्हातारं माणूस आहे का?" परवा एक तरुण मोटारसायकलवाला गोंधळून म्हणाला, "आहे, आजी आहे. पण प्लग बदलायला आजी कशाला लागते?"