झाकलेल्या विहिरीपाशी मी गप्प होतो

या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचतो आणि हसतो, हे आधीच कबूल करून टाकतो. आमच्या वसईत दर दुसऱ्या चिंचेवर कुणी ना कुणी बसलेलं असायचं, आणि लहानपणापासून मी त्या सगळ्यांची टर उडवत आलोय. पुढे आयुष्यभर कॅनडात पुलांची कामं केली. ज्याचं वजन काढता येत नाही ते मी मानत नाही. तरीही एक गोष्ट आहे... चाळीसहून जास्त वर्षं मी ती कुणालाही सांगितली नव्हती. गेल्या आठवड्यात बायकोला, मार्थाला, सांगितली. ती म्हणाली, "अरे, लिहून टाक ना एकदा. यू विल फील लायटर." हलकं वाटेल की नाही, बघू.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी क्वेबेक सिटीला शिकत होतो. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कॅनडात असूनही ते गाव कॅनडातलं वाटतच नाही. भोवती तट, तटाला दरवाजे, आत दगडी घरं, पावलोपावली चर्च आणि दर तासाला घंटा. युरोपातलं एखादं जुनं शहर उचलून नदीकाठी आणून ठेवलंय असं वाटतं. किल्ल्याच्या सावलीत वाढलेला मी वसईचा ख्रिस्ती, मला तिथे पहिल्या दिवसापासून घरच्यासारखं वाटलं. उन्हाळ्यात इंग्रजी बोलणाऱ्या पर्यटकांना पायी फिरवणाऱ्या एका लहानशा ऑफिसात मला गाईडची नोकरी मिळाली. टूर सव्वा तासाची. वरच्या गावात नदीवरच्या गच्चीपासून सुरुवात, मग गल्ल्या, मग उभ्या जिन्याने खालच्या गावात, आणि शेवटी छोट्या चर्चसमोरच्या चौकात टाळ्या!

त्या चौकात आमच्या आधीचा ग्रुप नेहमी रेंगाळायचा. म्हणून आम्ही बाजूच्या एका गल्लीतल्या अंगणात पाच मिनिटं थांबायचो. अंगणात दगडी कठड्याची एक विहीर होती, वर लोखंडी झाकण. आमच्या छापील माहितीत तिच्याबद्दल एक अक्षर नव्हतं. लोक कंटाळायचे, घड्याळं बघायचे. मग मी थापा मारायला लागलो. आधी खजिन्याची थाप मारली, ती कुणी मनावर घेतली नाही. आणि एके दिवशी, बोलता बोलता, माझ्या तोंडून फिलूची गोष्ट निघाली.

फिलू म्हणजे फिलोमिना, माझी थोरली बहीण. मी अकरा वर्षांचा असताना, तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, ती आमच्या वाडीतल्या बावखलात बुडून गेली. बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं. आमच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वाजतगाजत विहिरीचं पाणी आणतात, त्या पाण्याने नवरीला आंघोळ. त्यासाठी पितळी कळशी लखलखीत हवी, म्हणून आईने फिलूला दुपारी कळशी घासायला बावखलावर पाठवलं. पाय घसरला, गेली. घरात सगळ्यांना एवढंच माहीत होतं. आई तेव्हापासून दर मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, एकच वाक्य बोलायची, "मीच पाठवलं तिला."

मी फिलूची मारी-लुईझ केली, बावखलाची ही विहीर केली, आणि लग्नाचं पाणी फ्रेंच लोकांच्या गळ्यात मारलं. बायकांनी डोळे पुसले. वॉटर्लू विद्यापीठाचे एक प्राध्यापक तर वहीत लिहून घेत होते. मला चक्क बरं वाटलं... हे लिहितानाही लाज वाटते. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितली. मग रोजच.

आठवडाभराने रेजिनाहून आलेली एक निवृत्त नर्स टूर संपल्यावर माझ्याजवळ आली. म्हणाली, "त्या धाकट्या भावाचं पुढे काय झालं?"

मी भावाचं नावही काढलं नव्हतं. म्हटलं, भाऊ कुठला? तर ती माझ्याकडे विचित्र बघत म्हणाली, "तुम्हीच तर सांगितलंत ना आत्ता. तिच्याबरोबर आलेला."

ऐकण्यात चूक झाली असेल, म्हणून सोडून दिलं. दोन दिवसांनी एक अमेरिकन जोडपं. नवरा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "त्या पोराने कळशी पाण्यात ढकलली, तो भाग तुम्ही काही न लपवता सांगता. हिंमत लागते."

आणि ते खरं होतं.

इथे तुम्हालाही खरं सांगायला हवं. त्या दुपारी मी फिलूच्या मागे मागे बावखलावर गेलो होतो. ती लग्न करून दुसऱ्या गावी जाणार म्हणून मी तिच्यावर चिडलो होतो. तिने कळशी घासून पायरीवर ठेवली, आणि मी ती पायाने पाण्यात ढकलली. कळशी तरंगत तरंगत लांब गेली. फिलू हसली, "थांब, आणते," म्हणाली आणि पाण्यात उतरली. तीन पायऱ्या, पुढे गाळ. तिने दोनदा माझं नाव घेऊन हाक मारली. मी पळालो. घरी जाऊन माळ्यावर चढून बसलो. कुणी विचारलं तेव्हा म्हणालो, मी चर्चच्या मैदानावर खेळत होतो. हे मी कुणालाही, अगदी कन्फेशनमध्ये पाद्रींनाही, सांगितलं नव्हतं.

आणि आता ओहायोचा एक माणूस मला ते ऐकवत होता!

मी वेडा होतोय असं वाटलं. बोलताना भान सुटत असेल, तोंडातून जात असेल, अशी स्वतःची समजूत घातली. मग तो टेपवाला आला. रिचमंड हिलचा एक म्हातारा. त्याच्या बायकोची दृष्टी गेली होती, म्हणून तिला घरी ऐकवायला तो सगळी टूर कॅसेटवर घेत होता. टूर संपल्यावर मी त्याला बाकावर बसवलं आणि विहिरीचा भाग लावायला सांगितला. माझा आवाज आला. पाय घसरला, गोष्ट संपली. पुढे... काही नाही. कबुतरं. लांबून एक घंटा. साधारण तीन मिनिटं टेप नुसती फिरत होती, आणि त्या शांततेत लोक मध्येच हळहळत होते. कुणीतरी "ओ नो" म्हणालं. एक बाई रडली. मग एकदम माझा आवाज, "चला, आता चौकात." ती तीन मिनिटं मला आठवतच नव्हती. माझ्या हिशेबी गोष्ट संपली की आम्ही लगेच निघायचो.

म्हाताऱ्याने यंत्राला दोन थपडा मारल्या. म्हणाला, "सगळ्यात महत्त्वाचा भागच गेला बघा. ती हाका मारते तो."

त्या दिवसानंतर मी अंगणात पाऊल टाकलं नाही. चौकात गर्दी असली तर जिन्यावरच लोकांना उन्हात उभं करायचो. तक्रारी आल्या, येऊ दिल्या.

त्यातच आई आली. थोरला भाऊ टोरांटोला होता, त्याने तिला दोन महिन्यांसाठी आणलं होतं. तिथून ती चार दिवस माझ्याकडे. लाल लुगडं, वर भावाचा स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट. इंग्रजीचा गंध नाही.

"लोकांना गाव दाखवतोस, मला नाही का दाखवणार?"

"तुला काय कळणार आई? सगळं इंग्रजीत असतं."

"मला कळायला कशाला हवं? तू चार माणसांत कसा उभा राहतोस ते बघायचंय."

सकाळी अकराच्या टूरला तिला घेतलं. ती सगळ्यांच्या पुढे, माझ्या शेजारी. जिन्यावर लोक तिचा हात धरत होते. मी मनाशी ठरवलं होतं, थेट चौकात.

चौकात लग्न होतं. शनिवार होता, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नवरा-नवरी बाहेर येत होती, फोटोवाल्यांनी रस्ता अडवला होता आणि मागून दुसरा ग्रुप जिना उतरत होता. आमच्या ऑफिसातल्या पोरीने मला हाताने खूण केली, अंगणात घे. मी नको नको म्हणेपर्यंत पुढचे लोक आत शिरलेही होते. आई त्यांच्यात.

मी आत गेलो आणि म्हणालो, "दोन मिनिटं विश्रांती घ्या." बस. त्यानंतर ओठ घट्ट मिटले, अगदी दात दुखेपर्यंत. हे मी शपथेवर सांगतो. या खेपेला मला सगळं आठवतंय.

आधी लोक बॅगा चाचपत होते, कॅमेरे पुसत होते. मग एकेक करून त्यांचे हात थांबले. सगळे एका दिशेला बघायला लागले, माझ्याकडे नाही, माझ्या थोडं डावीकडे. गोष्ट ऐकताना माणसाचा चेहरा होतो ना, तसे चेहरे. मला काहीही ऐकू येत नव्हतं. चौकातल्या घंटासुद्धा नाहीत, आणि तिथे तर लग्नाच्या घंटा वाजत असणार! मी डावीकडे पाहिलं. विहीर, झाकण, भिंत. कुणी नाही. ओरडावं, टाळ्या वाजवाव्या, सगळ्यांना बाहेर हाकलावं असं वाटत होतं, पण हात उचलवत नव्हता. मी आयुष्यात इतका कधी घाबरलो नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही.

आणि आई. ती कठड्यापाशी उभी होती. चर्चमध्ये घेते तसा तिने डोक्यावर पदर घेतला होता. मान हलत होती. तिचे ओठ हलताना मी पाहिले. समोरचा बोलत असताना आपण हुंकार देतो, तसे. हं. हं. बरं.

मग एका बाईने तोंडावर हात धरला, आणि घंटांचा आवाज एकदम कानावर आदळला. लोक मुकाट्याने बाहेर पडले. माझ्या नजरेला कुणीच नजर दिली नाही. टाळ्याही नाहीत. आईने माझा हात धरला, तो घरी पोचेपर्यंत सोडला नाही.

खोलीवर आल्यावर तिने आपणहून चहा टाकला. मी खुर्चीत बसून होतो. माझ्याकडे पाठ करूनच ती म्हणाली, "तू अकरा वर्षांचा होतास."

मला रडू फुटलं. ढसाढसा रडलो. तिने रडू दिलं.

"मी बोललो का गं काही तिथे?"

"तू? तू तर पांढराफटक पडून उभा होतास."

"मग तुला इंग्रजीतलं..."

"इंग्रजी कुठे होतं?" ती म्हणाली. "आपल्याच बोलीत तर होतं."

कोण बोललं, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. कपात चहा ओतता ओतता एवढंच म्हणाली, "इतकी वर्षं मी स्वतःला खात होते. आज सुटले." आणि खरंच, "मीच पाठवलं" हे वाक्य त्यानंतर तिच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नाही. भावाने मला फोन करून विचारलं होतं, "अरे, आईला झालंय काय? शी इज सो हॅपी, यार."

पण चहा पिऊन झाल्यावर ती अजून एक बोलली होती. "तिने शेवटी आणखी एक सांगितलं. तुझ्याबद्दल. ते मी तुला सांगणार नाही."

मी खूप विचारलं. चिडलो, पाया पडलो. ती नाहीच म्हणाली. वसईला परत गेल्यावर दर महिन्याला तिचं पत्र यायचं, शेजारच्या पोरीकडून लिहून घेतलेलं. पिकलेली केळी, कुणाचं बारसं, कुणाचं आजारपण. आणि त्या दिवसापासून प्रत्येक पत्राच्या शेवटी, तिच्या स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात एक ओळ असायची, "पाण्याजवळ एकटा जाऊ नकोस." आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या फोनवरही मी विचारलं होतं. पलीकडून ती एवढंच म्हणाली, "जपून राहा रे."

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर कळवा, पण मला पटेलच असं नाही. त्या अंगणात इतक्या लोकांनी काय ऐकलं, मला एकट्यालाच का ऐकू आलं नाही, आणि आई माझ्यापासून काय लपवून गेली, हे मला आजही माहीत नाही. यंदा मुलीने तळ्याकाठी कॉटेज घेतलंय. नातवंडांचा रोज फोन येतो, "आजोबा, व्हेन आर यू कमिंग?" मी काही ना काही कारण सांगतो. मार्था म्हणते, जाऊ या, आम्ही सगळे असूच की बरोबर. तिचं खरं आहे. एकटा नसेनच मी.

पण त्या दुपारी फिलूही एकटी नव्हती.