आप्पांना वाचून दाखवलेली कादंबरी

हे मी माझ्या सख्ख्या भावालाही सांगितलेलं नाही. दुकानातल्या मैत्रिणींना सांगण्यासारखं हे नव्हे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. बघते.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, रत्नागिरीत प्राथमिक शाळेत शिक्षक होते. अजूनही आमच्या गल्लीत मी 'गुरुजींची मुलगी' आहे. मुलींना शाळेत पाठवा, हे सांगायला आप्पा लोकांच्या दारात जाऊन बसत. नंदा नावाच्या मुलीच्या घरी ते तीन दिवस लागोपाठ गेले. तिसऱ्या दिवशी तिच्या बापाने हात जोडले आणि तिला शाळेत पाठवलं. ती आज सावर्ड्याला शिक्षिका आहे. अशी माणसं गोष्टीतच असतात, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचे.

मला नर्स व्हायचं होतं. बारावीनंतर मुंबईच्या एका कॉलेजात अर्ज केला होता. महिना-दीड महिना मी पोस्टमनच्या सायकलकडे कान लावून बसले. एक दिवस आप्पा म्हणाले, "पत्र काही आलं नाही गो, शैला. मार्क कमी पडले असतील." मी मान्य केलं. आप्पा म्हणाले म्हणजे तसंच असणार — नाही का? त्याच वर्षी आईचे हात संधिवाताने आखडले. स्वयंपाकघर माझ्याकडे आलं ते माझ्याकडेच राहिलं. धाकटा भाऊ शिकून डोंबिवलीला गेला. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहिले. लग्नाचं बघू, बघू म्हणत राहून गेलं. आणि इतकी वर्षं मी मनाशी धरून होते, की मी मुळात कमी हुशार.

आई गेली. तिच्या वर्षश्राद्धाला तिचं एक लुगडं कुणाला तरी द्यायचं म्हणून मी तिची ट्रंक उपसली. तळाला घातलेल्या वर्तमानपत्राखाली एक लिफाफा होता. त्यावर माझं नाव. फोडलेला. मला प्रवेश मिळाला होता.

तेव्हाच ओसरीवर जाऊन विचारायला हवं होतं. आप्पा तिथेच भटजींशी बोलत बसले होते. मी लिफाफा होता तिथे ठेवला आणि पानं वाढायला घेतली. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. भीती होती? की हे दुःख मला एकटीचं, आपलं म्हणून हवं होतं?

पुढे काचबिंदूने आप्पांची नजर गेली. संध्याकाळी ते टीव्हीवरची एक मालिका ऐकायचे. तिच्यात मुलीच्या शिक्षणासाठी स्वतःची बोट विकणारा बाप होता. पडद्यावर काय दिसतंय ते मी सांगायचे. बोट विकली त्या दिवशी आप्पा पंच्याने डोळे पुसत म्हणाले, "बाप असावा तर असा." मी नारळ खवत होते. माझा हात थांबला. तुम्हीच सांगा, त्यांना खरंच आठवत नव्हतं? की आठवत होतं, म्हणूनच रडत होते? तेव्हा मी दुसरा प्रश्न स्वतःला विचारलाच नाही.

मालिका संपली. आप्पा म्हणाले, "असं काही वाचनालयात मिळतं का बघ. वाचून दाखव मला." मी एक कादंबरी आणली. तिच्यातला बाप खाडीवर होडी चालवणारा, निरक्षर. दुपारी दुकान बंद असायचं तेव्हा मी वाचायचे. आप्पा झोपाळ्यावर, मी उंबऱ्यात. त्यांना तो होडीवाला फार आवडला.

मग ते पान आलं. मुलीच्या शाळेचं पत्र येतं. बाप ते टोपीत घालून दोन कोस चालत जातो, गुरुजींकडून वाचून घेतो आणि परत येताना वाटेत भेटेल त्याला सांगत सुटतो. असं छापलं होतं. मी ते वाचलं नाही.

मी वाचलं — म्हणजे बोलले — की बापाने पत्र गुरुजींकडून वाचून घेतलं, घरी आणलं, ट्रंकेच्या तळाशी ठेवलं आणि पोरीला सांगितलं, पत्र आलं नाही.

झोपाळा थांबला.

"असं आहे?" आप्पांनी विचारलं.

"असंच छापलंय."

"परत वाच."

मी परत 'वाचलं'. आवाज कापला नाही माझा. हेच तर मला आज सांगायचंय. आवाज कापायला हवा होता.

एकदा केलं असतं तर रागाच्या भरात झालं, असं म्हणता आलं असतं. मी आठ दिवस केलं. दुकानात गोळ्या मोजताना मी पुढची वाक्यं जुळवायचे. रोज दुपारी तो होडीवाला थोडा लहान व्हायचा. गाव त्याचा सत्कार करायचं आणि घरात पोर भांडी घासायची. आप्पांचं जेवण कमी झालं. ते मला दिसत होतं. त्यांनी विचारलं, "पोरीने विचारलं नाही त्याला?" मी म्हटलं, "नाही. तिला वाटलं, आपणच कमी पडलो."

आठव्या दिवशी त्यांनी विचारलं, "बापाची काही बाजू लिहिली नाही का लेखकाने?"

बाजू होती. आईचे वाकडे झालेले हात मी रोज चोळले होते, आप्पांना तेव्हा दुसरा इलाज दिसला नसेल, हे मला कळत होतं. मी म्हटलं, "नाही. बाजूच नव्हती."

"मग पुस्तक परत करून टाक," आप्पा म्हणाले.

आठवडाभरात नंदा आली. वर्षातून एकदा तरी ती गुरुजींना भेटायला यायची. बोलता बोलता आप्पांनी त्या कादंबरीचं नाव घेतलं आणि म्हणाले, "तू नको वाचूस. त्रास होईल." नंदा हसली. "गुरुजी, मी मुलांना वर्गात वाचून दाखवली ती. पत्र टोपीत घालून चालत जातो ना तो, तिथे मला तुम्हीच दिसलात. माझ्यासाठी असेच चालत यायचात."

मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते. आप्पांनी मान वळवली, मी होते त्याच दिशेला. त्यांना दिसत नव्हतं, पण त्यांनी बराच वेळ चेहरा तसाच ठेवला. मग नंदाला म्हणाले, "हो. शैलाने वाचून दाखवलंय मला. छान वाचते."

नंदा गेल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "पत्र कधी सापडलं?"

"आईच्या वर्षश्राद्धाला."

"म्हणजे सहा वर्षं झाली."

"हो."

"पान वाढ," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, ते चिडतील, किंवा रडतील. माफी मागतील, असंही वाटलं होतं — खोटं कशाला बोलू? मी त्या माफीसाठी सहा वर्षं थांबले होते. ते जेवले आणि आडवे झाले. पण दोन दिवसांनी मी दुकानातून आले तर शेजारचे काका ओसरीवर बसून आप्पांना गोळ्यांच्या पाकिटांवरची नावं वाचून दाखवत होते. रात्रीची कुठली, सकाळची कुठली. मी रोज शेकडो माणसांना हेच सांगत असते. आप्पांना ते माझ्या तोंडून नको होतं. तिथून पुढे वीजबिल, भावाच्या मुलीची चिठ्ठी, लग्नाच्या पत्रिका, सगळं काकाच वाचायचे. माझ्याशी ते नीट बोलायचे, जेवायचे, दुखलं-खुपलं सांगायचे. फक्त छापलेलं काही माझ्या हातात देत नसत.

चौदा महिन्यांनी ते गेले.

शाळेने शोकसभा ठेवली. जुने विद्यार्थी आले होते, नंदा तर ढसढसा रडली. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "आप्पांना वाचनाची फार ओढ. नजर गेल्यावर शेवटच्या दिवसापर्यंत मी त्यांना रोज वाचून दाखवत होते." लोकांनी डोळे पुसले. मागून कुणीतरी म्हणालं, मुलगी असावी तर अशी. शेजारचे काका पहिल्या रांगेत बसले होते. ते खाली बघत राहिले आणि मी माझ्या जागेवर जाऊन बसले.